लकडूचं मोडकं शिंग

मी शाळेत इतिहास शिकवते. ऑफ तासाला एखाद्या वर्गावर पाठवलं की मी वह्यांचा गठ्ठा घेऊन जाते आणि मुलांना सांगते, काय बोलायचं ते बोला, फक्त छप्पर उडवू नका. परवा आठवी ‘ब’मध्ये छप्पर उडायच्या बेतात होतं. भांडण कसलं, तर मोबाइलवरच्या एका कार्टूनचं. त्यात एक खेळणं आहे म्हणे, चालतं-बोलतं. त्याचा एक कान फाटलेला आहे. ते आधी कोणाकडे होतं, कान कसा फाटला, हे बनवणाऱ्यांनी कुठेच सांगितलेलं नाही. म्हणून जिथली तिथली पोरं आपापल्या परीनं त्याचा भूतकाळ शोधून काढतायत. याला ‘थिअरी’ म्हणतात, हे मला पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं समजावून सांगितलं.

“मग तुझी थिअरी काय?” मी विचारलं. लाल पेनचं टोपण माझ्या दातात होतं.

“सिम्पल आहे मॅडम. त्यानंच आधी काहीतरी वाईट केलं असणार. उगाच कोणी कोणाचा कान फाडतं का?”

टोपण दातातून सुटून वहीवर पडलं. वर्गातली निम्मी मुलं “हो ना, हो ना” करून राहिली होती आणि मी त्या मुलीकडे बघतच राहिले. हे वाक्य माझं होतं. कानाच्या जागी शिंग, एवढाच काय तो फरक. अकरा वर्षांची असताना मी ते भर सभेत बोलले होते, टाळ्या घेतल्या होत्या, आणि मग घरी येऊन बाबांसमोर पुन्हा एकदा बोलले होते. ते आठवलं की आजही मला मान वर करवत नाही.

“काय वाईट केलं असेल त्यानं?” मी तिला विचारलं.

“ते अजून ठरवलं नाही मॅडम,” ती म्हणाली.

बाहेर श्रावण संपत आला होता. शाळेच्या फाटकासमोरच्या फूटपाथवर लाकडी बैल येऊन बसले होते, बोटभर उंचीपासून थेट वासराएवढ्या उंचीपर्यंत, आणि त्यांच्या ओल्या रंगाचा वास खिडकीतून आत येत होता. नागपूरबाहेरच्या माणसांना हे सांगावं लागतं, की आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरांचा पोळा असतो, तान्हा पोळा. सकाळी मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक, संध्याकाळी हा. चाकं लावलेला लाकडी बैल दोरीनं ओढत पोरं तोरणाखाली रांगेनं उभी राहतात, कोणी झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणतं, तोरण सुटतं, आणि मग पोरं बैल घेऊन घरोघर बोजारा मागत फिरतात. कोणी पेढा देतं, कोणी नाणं. रंगाचा तो वास नाकात गेला की माझ्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा तान्हा पोळा येत नाही. लकडू येतो.

पंच्याऐंशी सालचा पावसाळा होता. बाबा सदरमधल्या एका सरकारी कचेरीत कारकून होते आणि आम्ही तिथून जवळच क्वार्टरमध्ये राहायचो. बारा क्वार्टर, मध्ये मैदान, मैदानात कायम चिखल. टीव्ही एकाच घरी, देशकर काकूंकडे. लाकडी शटरचा, ब्लॅक अँड व्हाइट. रविवारी सकाळी त्यांच्या दारात चपलांचा ढीग पडायचा आणि बैठकीत ओल्या केसांचा, खोबरेल तेलाचा आणि पोह्यांचा मिळून एक वास तयार व्हायचा. काकूंची माधवी माझी मैत्रीण, त्यामुळे मला पंख्याखालची जागा. माझ्या मांडीवर माझा पाच वर्षांचा भाऊ.

रविवारी सकाळी पंधरा मिनिटं लकडू लागायचा. कुठल्याशा थंड देशात बनवलेलं ते कार्टून होतं, लाकडाच्या खऱ्या बाहुल्या इंच इंच सरकवून केलेलं, आणि आपल्याकडे त्याला हिंदी आवाज दिला होता. लकडू म्हणजे चार पायांचा, चाकं लावलेला, एक शिंग शाबूत आणि एक बुडापासून मोडलेला असा एक प्राणी. गळ्यात तुटक्या दोरीचा तुकडा. पहिल्या भागात तो पावसात एका खोक्यात पडलेला सापडतो. आधी कुठे होता, विचारू नका. दुकानातली बाकीची खेळणी त्याला विचारायची, “भाई, तेरा सींग?” आणि लकडू चाकं फिरवून निघून जायचा. प्रत्येक भागात एकदा तरी.

आता मला माहीत आहे, की तो बैल नव्हताच. त्या देशात बैलाला चाकं लावून कोणी ओढत नाही. तो बहुधा हरणाचा किंवा रानबकऱ्याचा कोणीतरी असणार. पण लाकडाचा, शिंगांचा, चाकांचा आणि गळ्यात दोरी असलेला प्राणी नागपूरच्या पोरांपुढे ठेवलात तर तो तान्ह्या पोळ्याचा बैलच ठरणार, त्यात ब्रह्मदेवाचं काही चालायचं नाही. आम्हाला एकदाही शंका आली नाही. उलट माधवीनं अभिमानानं सांगितलं होतं, “आपल्या नागपूरचा आहे तो. तिकडे गेला असन कोनाच्या सामानात.”

मग सुरू झालं. त्याचा रंग कोणता यावरच पहिला महिना गेला, कारण टीव्हीत सगळंच राखाडी. रंगाचं भांडण मिटल्यावर शिंगाचं लागलं. आमच्या कॉलनीत पप्पू नावाचा एक सर्वज्ञ होता, चष्मा, सातवीत. तो म्हणाला, लकडू होळीत सापडला, लोकांनी लाकूड म्हणून ढकलला, तो जळता जळता पळाला. माधवीचा लकडू शूर होता. आग लागलेल्या घरातून मालकाच्या मुलीला ओढून काढताना त्याचं शिंग चौकटीत अडकून मोडलं. माझ्या भावाचं म्हणणं, उंदरानं खाल्लं. लाइट गेली की सभा भरायची, आणि त्या पावसाळ्यात लाइट फार जायची.

माझी पाळी आली तेव्हा मी उठून उभी राहिले. खोटं का बोला, मला गोष्टी रचता यायच्या आणि त्या येतात हे मला चांगलं ठाऊक होतं. मी सांगितलं, की लकडू एका मोठ्या घरचा बैल होता. तान्ह्या पोळ्याच्या रांगेत त्याची जागा शेवटची. पण त्याला घमेंड. तो सगळ्यांना ढुसण्या देत पुढे घुसला, एका लहान वासराच्या डोळ्यात त्यानं शिंग खुपसलं, आणि थेट तोरणाखाली जाऊन उभा राहिला. मग मालकानं त्याचं तेच शिंग मोडलं आणि त्याला फेकून दिलं. “म्हणून तं तो सांगत नाही,” मी म्हणाले. “लाज वाटते त्याले. उगाच कोनी कोनाचं शिंग मोडत नाही.”

बैठकीत टाळ्या पडल्या. पप्पूनं चष्मा काढून पुसला, ही त्याची हार मानण्याची रीत होती. माझी गोष्ट चपखल बसत होती ना! मोडकं शिंग का, तुटकी दोरी का, लकडू गप्प का, सगळ्याचं एकच उत्तर. देशकर काकूसुद्धा आतून म्हणाल्या, “पोट्टी मोठी वकील होते पाह्यजा.”

त्या दिवसापासून ते कॉलनीचं वाक्यच झालं. शाळेत कोणा पोराला सरांनी झोडपलं की आम्ही म्हणायचो, उगाच कोणी शिंग मोडत नाही. कोणाची सायकल चोरीला गेली, म्हणा हेच. दूधवाल्याला एका घरानं हाकलून दिलं, म्हणा हेच. मार खाणाऱ्याकडे बघून हे म्हणण्यात एक विलक्षण सुख असतं, आपण त्यातले नाही याचं. ते सुख मी पुरेपूर चाखलं आहे, म्हणून सांगते.

त्याच दिवशी जेवताना मी ती गोष्ट बाबांना सांगितली. बाबा तसे कमी बोलणारे. कचेरीतून आले की शर्ट खुंटीला, बनियनवर बसून बूट पॉलिश, मग जेवण. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली त्यांची पुस्तकं वर्तमानपत्राचं कव्हर घालून लावलेली. मी ताटावर बसून हातवारे करत लकडूची अख्खी कहाणी सांगितली. आई म्हणाली, आधी भात संपव. बाबा मात्र हातातला घास तसाच ठेवून ऐकत होते. मला केवढा आनंद झाला होता.

“पुढं घुसला होता काय तो?” त्यांनी विचारलं.

“हो ना! ढुसण्या देऊन देऊन.”

“कोनी पाह्यलं?”

“सगळ्यांनी पाह्यलं, बाबा! भरल्या पोळ्यात.”

“अस्सं,” बाबा म्हणाले, आणि पेल्यात पाणी ओतून घेतलं. घास त्यांनी नंतर खाल्ला की नाही, हे मला आठवत नाही. आठवायचा मी खूप प्रयत्न केला आहे. इतक्या साध्या गोष्टीकडे तेव्हा माझं लक्ष नव्हतं, याचं मला अजून वाईट वाटतं.

श्रावणात कामठीची आत्या आली. बाबांची मोठी बहीण. तिच्या घरी यंत्रमाग, त्यामुळे तिला चारचौघांपेक्षा चढ्या आवाजात बोलायची सवय. कामठीहून बसनं उतरली की आधी आवाज यायचा, मग आत्या. हातात कायम एक कापडी पिशवी, तिच्यात आमच्यासाठी फरसाण. रविवार होता. मी तिला म्हटलं, चल, तुला लकडू दाखवते. ती म्हणाली, “चाल वं. पाहू तं खरं, कोन व्हय तो.”

देशकर काकूंनी तिला खुर्ची दिली. ती म्हणाली, “राहू द्या बाई, खालीच बरं,” आणि आम्हा पोट्ट्यांच्या मध्ये ऐसपैस मांडी घालून बसली. शटर सरकलं, गाणं झालं, आणि लकडू चाकांवर खडखडत पडद्यावर आला.

आत्यानं तोंडावर हात ठेवला. “अवं माय! हा तं आमच्या नाम्याचा बैल!”

नाम्या म्हणजे नामदेव, माझे बाबा. पोरं फिदीफिदी हसली. मलाही हसू आलं. आत्याला टीव्हीतलं काही कळत नाही, असं मला वाटलं आणि थोडी लाजही वाटली.

“सांगतो तं खरं,” आत्या म्हणाली. “अस्साच. हेच शिंग, डाव्या अंगचं. बुडापासून.”

पप्पूनं लगेच तोंड उघडलं. “आत्याबाई, कसं मोडलं?”

मग आत्यानं सांगितलं. टीव्ही चालूच होता. तिचा आवाज टीव्हीच्या वर होता आणि त्यात दुःख नव्हतं, राग नव्हता, बसस्टँडवर भेटलेल्या बाईला सांगावं तसं ती सांगत होती. नरखेडकडचं आमचं गाव. आजोबा संत्र्याच्या बागेत मजुरीला. बाबा नऊ वर्षांचे. सुताराच्या पडवीबाहेर पडलेला बाभळीचा एक ठोकळा त्यांनी मागून आणला आणि महिनाभर विळ्यानं तासून त्याचा बैल केला. डोळ्यांच्या जागी गुंजा बसवल्या. चाकं दोऱ्याच्या रिळांची, ती आत्यानं जमवून दिली. शिंगांना तेल चोळून चोळून चमक आणली. आणि तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, मारुतीच्या देवळासमोर तोरण बांधलं होतं तिथे, बैल घेऊन बाबा रांगेत जाऊन उभे राहिले. सगळ्यात शेवटी, सगळ्यांपासून चार हात सोडून.

“मी दुरूनच पाहून राह्यली होती,” आत्या म्हणाली. “आपल्या लोकायनं तोरणापाशी जायचं नसे ना. पन लेकरू ते. त्याले वाटलं, लाकडाच्या बैलाले काय होते! मोठा मानूस आला एक. काही बोलला नाही, बरं. बैल उचलला, देवळाच्या पायरीवर असा आपटला. शिंग उडालं ते माह्या पायापाशी येऊन पडलं. मंग त्यानं नाम्याले नाक घासाले लावलं तिथंच, मातीत. सारा गाव पाहे. पोट्टे हासत होते.”

आणि आत्या हसली. खरंच हसली, पदरानं तोंड पुसत. “काय ते दिवस बाई!”

पडद्यावर लकडू कोणाला तरी पाठीवर घेऊन चालला होता. देशकर काकू दाराला टेकून उभ्या होत्या, त्यांच्या हातात पोह्यांची ताटली, आणि ती त्या कोणाला द्यायला निघाल्या होत्या हे त्या विसरून गेल्या असाव्यात. “जुन्या गोष्टी, ताई,” त्या हळूच म्हणाल्या. आत्या म्हणाली, “हो न वं बाई, जुन्याच.”

तेव्हा पप्पूनं विचारलं, “पन त्यायनं केलं काय होतं?”

त्यात खोडी नव्हती. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. आणि प्रश्न आत्याला विचारून तो बघत होता माझ्याकडे. सगळी पोरं माझ्याकडे बघत होती. कारण त्या बैठकीत या विषयाची जाणकार मी होते.

धक्का बसणं म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळलं. रडू येत नाही, काही सुचतही नाही, कानात नुसता एक आवाज येत राहतो. मांडीवरचा भाऊ जड झाला होता. मी बाबांना ताटावर बसून काय काय सांगितलं होतं, ते एकेक वाक्य सुटं सुटं होऊन समोर येत होतं. पुढं घुसला. घमेंड. लाज वाटते त्याले. सगळ्यांनी पाह्यलं, बाबा! भरल्या पोळ्यात.

“काय केलं होतं म्हंजे?” आत्या पप्पूला म्हणाली. “उभा केला होता गा. लायनीत. आखीन काय करन नऊ वर्साचं पोर?”

मी भावाला खाली ठेवलं आणि चपला न घालता घरी पळाले.

आमचं गाव काय, आम्ही कोण, हे कॉलनीत सगळ्यांना ठाऊक होतं आणि आम्हीही ते कधी लपवलं नाही. आम्ही बौद्ध आहोत हे मला बाबांनी पाटी-पेन्सिलीच्या वयात ताठ मानेनं सांगायला शिकवलं होतं. पण छप्पनच्या आधी काय होतं, हे आमच्या घरात कोणी सांगत नसे. आमचा इतिहास जणू दीक्षेच्या दिवसापासून सुरू झाला, त्याआधीचा पहिला भाग लाइट गेल्यामुळे कोणी पाहिलाच नाही, असं घरातलं वातावरण. मला ते कधी विचित्र वाटलं नव्हतं. लकडूचा भूतकाळ शोधायला मी अख्खा पावसाळा घालवला, आणि माझ्याच घरात, माझ्याच समोर बसून जेवणाऱ्या माणसाला मी एकदाही विचारलं नाही, की बाबा, तुम्ही लहानपणी काय खेळायचे? आता मी वर्गात मुलांना साधनं शिकवते, लिखित, मौखिक, भौतिक. मौखिक साधन शिकवताना मी हमखास फळा पुसायला लागते आणि मुलांना वाटतं, मॅडम फार टापटीप आहेत.

दुसऱ्या दिवशी मी मैदानात सगळ्यांना गोळा केलं आणि जाहीर केलं, की माझी गोष्ट रद्द. लकडूनं काहीच केलं नव्हतं. तो नुसता उभा होता.

कोणी ऐकेना. एक माधवी सोडली तर बाकीचे खवळले. “हे काय बे!” एक जण म्हणाला. “मंग त्यात गोष्ट काय राह्यली?” पप्पूनं तर वकिली थाटात मला समजावलं, “हे पाह्य सुजाता, तुह्या बाबाचा बैल अलग, लकडू अलग. तुह्या बाबानं नसन केलं काही. पन लकडूनं केलंच होतं. तूच सांगतलं.”

मी म्हटलं, मी खोटं सांगितलं. ते म्हणाले, नाही, आता खोटं सांगून राह्यली. मी पप्पूचा चष्मा ओढला, त्यानं माझी वेणी ओढली, आणि दूर कोणीतरी ओरडलं, “उगाच कोनी वेणी ओढत नाही!” सगळे हसले. मी पण क्षणभर हसले, सवयीनं. आणि मग इतकी शरमले की महिनाभर देशकरांकडे गेले नाही.

एक लोकप्रिय गोष्ट मागे घेता येत नाही, हे मला तेव्हापासून माहीत आहे. रचायला एक पावसाळी सकाळ पुरते. ती कॉलनी पाडून तिथे आता मोठी इमारत झाली, पण मध्यंतरी बाजारात माधवी भेटली, केस पिकलेले, सोबत सून, तर सुनेला माझी ओळख करून देताना म्हणाली, “हीच ती, लकडूची गोष्ट बनवणारी.” माझी म्हणजे पहिली गोष्ट. दुसरी तिला आठवतही नव्हती, किंवा आठवत असूनही तिनं काढली नाही. मी विचारलं नाही.

बाबांशी बोलायचा मात्र मला धीर होईना. आत्या सोमवारी कामठीला गेली. बाबांना तिनं काही सांगितलं की नाही, कळायला मार्ग नव्हता. मी त्यांच्यासमोर जेवायला बसायचं टाळू लागले. पोट दुखतं म्हणायचे, अभ्यास आहे म्हणायचे. आईनं ओवा दिला. त्यांचा शर्ट खुंटीवर बघितला तरी मला तो लहानसा मुलगा मातीत वाकलेला दिसायचा, आणि त्याच्या भोवती हसणाऱ्या पोरांत एक मी पण असायचे, वेण्या घातलेली.

मग तान्हा पोळा आला. त्या दिवशी बाबा दरवर्षी अर्धी रजा टाकायचे, दाराला कुलूप लावायचे आणि आम्हाला अंबाझरी तलावावर न्यायचे, पाऊस असो की नसो. आपण पोळा करत नाही म्हणून, असं मी समजायचे. कॉलनीत आणखी दोन बौद्ध घरं होती, ती काही कुलूप लावत नसत. दारात बैल घेऊन आलेल्या पोरांच्या हातावर ती माणसं हसून काहीबाही ठेवायची. बाबाच तेवढे निघून जायचे. त्या वर्षी पहिल्यांदा मला कळलं, की आम्ही कुठून निघून जात होतो.

बांधावर ओला वारा होता. आई भावाला घेऊन पाण्याकडे उतरली होती. बाबा भुईमुगाच्या उकडलेल्या शेंगा सोलत होते, दाणे माझ्या हातावर ठेवत होते. मी एकही खात नव्हते. हात भरला.

“बाबा,” मी म्हणाले, “लकडूनं काहीच नव्हतं केलं.”

बाबांनी शेंग फोडली. “आत्या बोलली वाटते.”

“हो.”

“तिच्या पोटात काही राहत नाही.”

“मी चुकीची गोष्ट बनवली, बाबा. मी सगळ्यांना सांगितलं, माझी गोष्ट चुकली म्हणून. ते ऐकतच नाहीत.” आणि मला जे रडू इतके दिवस आलं नव्हतं ते आलं. दाणे खाली सांडले.

बाबांनी मला जवळ ओढलं नाही. ते तसं करणारे नव्हते. सांडलेले दाणे त्यांनी एकेक करून वेचले, फुंकर मारून पुन्हा माझ्या हातावर ठेवले.

“तुयीच काहून चुकन?” ते म्हणाले. “मी बी तेच म्हणत होतो.”

“म्हणजे काय?” मी म्हणाले.

“मले कोनी सांगतलंच नाही ना, काहून मोडला. मंग मीच शोधत बसे. पयले वाटलं, शिंगं लय चमकवले होते आपन, म्हणून असन. मंग वाटलं, लायनीत जरासा पुढं सरकलो असीन. मंग वाटलं, त्या मानसाकडं पाहून हासलो असीन. दरसाल नवं कारन भेटे मले. बापानं काही केलं असन, मायनं काही केलं असन, हे बी म्हणून पाह्यलं. चार वर्सं, बेटा. तुयी गोष्ट ऐकली तं वाटलं, हिले कसं समजलं?”

खाली पाण्यात भाऊ दगड फेकत होता. दूर गावाच्या बाजूनं ढोलाचा आवाज येत होता, कुठेतरी तोरण सुटलं असणार.

“मंग?” मी विचारलं.

“मंग छप्पन साली तुह्या आज्यासंगं नागपूरले आलो, दीक्षेले. पांढरे कपडे घालून. मैदानावर पोचलो तं मानसंच मानसं. पायी आलेले. बंडीनं आलेले. बाया लेकरं काखेत घेऊन आल्या होत्या, म्हातारे काठी टेकत. मी एका मातीच्या ढिगावर चढलो आन् पाह्यलं. जिथवर नजर जाये तिथवर आपलेच लोक. त्याच्याही पल्याड होते.” हातातली शेंग बाबांनी फोडली नव्हती. “तेव्हा पयल्यांदा डोक्यात आलं माह्या. एवढ्या साऱ्यायनं काय केलं असन?”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. ते खरंच विचारत होते. उत्तर असलं तर त्यांना ते हवं होतं.

कॉलनीत गोष्ट रचण्यात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. मी खूप वेळ विचार केला. मला एकही कारण सुचलं नाही.